वाचक विचारतात : नाशिक जिल्ह्याएवढी जागा, माणसं फक्त साडेपाच हजार?

प्रश्न : नमस्कार. माझा भाचा अमेरिकेत नेब्रास्का राज्यात व्हॅलेंटाइन नावाच्या गावी दवाखान्यात नोकरीला लागलाय. गाव चेरी काउंटीत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात येतं. नकाशात बघितलं तर काउंटी भलीमोठी दिसते आणि लोकसंख्या लिहिलीय ५,४५५. हे बरोबर आहे की एखादं शून्य राहिलंय? तिथे वाळवंट आहे का? ताईला फार काळजी लागून राहिलीय. (एक वाचक, सातारा)

उत्तर : आकडा बरोबर आहे हो, २०२०च्या जनगणनेतला आहे. चेरी काउंटी नेब्रास्कातली क्षेत्रफळाने सगळ्यात मोठी काउंटी, साधारण १५,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्याएवढी. नाशिक जिल्ह्यात २०११ला ६१ लाख लोक होते, आणि इथे सगळे मिळून साडेपाच हजार, त्यातलेही अडीच हजारांच्या वर एकट्या व्हॅलेंटाइनमध्ये. बाकीची गावं म्हणजे कोडी, मेरिमन, किलगोर, क्रुकस्टन, वुड लेक, नेन्झेल, आणि यातलं एकही आपल्या मधल्या आकाराच्या खेड्याएवढंसुद्धा नाही. ही गावं जवळपास सगळी उत्तरेच्या बाजूला एका रांगेत आहेत कारण १८८०च्या दशकात रेल्वे तिथून गेली. दक्षिणेला गाडी घेऊन निघालात तर तासभर फक्त गवताच्या टेकड्या, मधेच एखादी पवनचक्की आणि गायी.

वाळवंट आहे का, तर नाही, पण तुमचा अंदाज अगदीच चुकलेला नाही. खाली सगळी वाळूच आहे. या भागाला सँडहिल्स म्हणतात, जवळपास ५०,००० चौरस किलोमीटरवर पसरलेल्या वाळूच्या टेकड्या, काही तर शंभर मीटरपेक्षा उंच, पश्चिम गोलार्धात एवढं मोठं वाळूच्या टेकड्यांचं क्षेत्र दुसरं नाही. फक्त त्यावर गवत उगवलंय आणि त्या गवताच्या मुळांनी वाळू धरून ठेवलीय. मोठे दुष्काळ पडले तेव्हा गवत मेलं आणि टेकड्या पुन्हा सरकायला लागल्या, असं साधारण हजार वर्षांपूर्वीही झालंय. आजही एखाद्या ठिकाणी गवत उखडलं गेलं की वारा तिथे खड्डा करतो आणि तो वाढत जातो, त्याला तिकडे ब्लोआउट म्हणतात आणि रँचवाले, म्हणजे मोठ्या कुरणांवर गायी पाळणारे, त्याला खूप घाबरतात.

आणि पाणी? ते भरपूर आहे, हे मला सगळ्यात भारी वाटतं. पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पण वाळूत पडलेलं पाणी वाहून न जाता सरळ खाली मुरतं, आणि खाली ओगलाला नावाचा अमेरिकेतला सगळ्यात मोठा भूजलसाठा आहे. टेकड्यांच्या मधल्या सखल भागात हे पाणी वरच येतं, त्यामुळे तिथे तळी आणि ओल्या गवताची मैदानं झालीत. हिवाळ्यासाठीचं गवत तिथेच कापतात. उत्तरेला नायोब्रारा नदी आहे, तिच्या खोऱ्यात पाइन, ओक, बर्च एकाच ठिकाणी दिसतात. १९९१पासून या नदीच्या ७६ मैलांना राष्ट्रीय संरक्षण आहे. भाच्याला म्हणावं, स्मिथ फॉल्स धबधबा जवळच आहे, नक्की बघून ये.

प्रश्न : मग पाणी आहे, जमीन आहे, तर लोक का गेले नाहीत राहायला? की सरकारने लक्ष दिलं नाही? (तेच वाचक)

उत्तर : लोक गेले होते हो! आणि सरकारने मुद्दाम पाठवले होते. १८६२च्या होमस्टेड कायद्याने प्रत्येक कुटुंबाला १६० एकर मिळायचे, पण या वाळूत १६० एकरात काही भागेना म्हणून नेब्रास्काचे काँग्रेसमन (म्हणजे खासदार) मोझेस किंकेड यांनी १९०४मध्ये पश्चिम नेब्रास्कापुरता वेगळा कायदा करून घेतला, ६४० एकर. झालं, लोकांची रीघ लागली. १९००मध्ये काउंटीत साडेसहा हजार लोक होते, १९२०मध्ये ११,७५३. तेवढे पुन्हा कधीच झाले नाहीत.

यातच १९०७च्या सुमाराला काही कृष्णवर्णीय कुटुंबं आली, त्यांची डेविटी नावाची वस्ती होती, नॉर्थ लूप नदीकाठी. गुलामगिरीतून सुटून कॅनडात गेलेल्या लोकांची मुलं-नातवंडं त्यात होती. गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटा रचून त्यांनी घरं बांधली, शाळा चालवली, चर्च चालवलं, आणि हे सगळं अशा जमिनीवर जी बाकीच्यांनी घेतली नव्हती. १९३०च्या दशकापर्यंत वस्ती रिकामी झाली. चेरी काउंटीबद्दल बोलताना लोक गायींबद्दल बोलतात आणि डेविटी राहून जाते, मला ते पटत नाही.

वस्त्या मोडल्या कारण ६४० एकर ऐकायला खूप वाटतात, पण इथे एका गायीला वासरासकट वर्षभर पोसायला दहा-वीस एकर गवत लागतं. म्हणजे ४०-५० गायी, संपला विषय. नांगर घातला तर वाळू उडते, एक-दोन पिकं येतात आणि जमीन जाते. मग लोकांनी जमिनी शेजारच्या मोठ्या रँचला विकल्या आणि निघून गेले. म्हणून आज हजारो एकरांचे रँच, आणि मांसासाठीच्या गायी एकट्या या काउंटीत दीड लाखांच्या आसपास. संपूर्ण अमेरिकेत या बाबतीत ही काउंटी पहिल्या नंबरावर धरतात. लोकसंख्या तरी अजून हळूहळू उतरतेच आहे, २०१०ला ५,७१३ होती. आधी ज्या कामाला दहा माणसं लागायची ते आता ट्रॅक्टर आणि पिकअप घेऊन दोघं-तिघं करतात, आणि मुलं शिकायला लिंकन-ओमाहासारख्या नेब्रास्कातल्या मोठ्या शहरांत गेली की बरीचशी तिकडेच राहतात.

त्यामुळे दुर्लक्ष झालं म्हणून जागा रिकामी आहे असं मला नाही वाटत. ही जमीन एवढ्याच माणसांना पोसते. आणि गवत टिकलंय ते माणसं कमी आहेत म्हणूनच, हेही तितकंच खरं.

प्रश्न : पण एवढ्या कमी लोकांत किराणा, शाळा वगैरे कसं चालतं? (तेच वाचक)

उत्तर : व्हॅलेंटाइनमध्ये सगळं आहे, दवाखाना, शाळा, दुकानं, कोर्ट, शेरीफचं ऑफिस, ते काउंटीचं मुख्य गाव आहे. काळजी नको. लांबच्या रँचवरच्यांना मात्र किराण्यालाही तासभर गाडी मारावी लागते. कोडी गावात तर किराणा दुकानच नव्हतं, मग शाळेतल्या मुलांनी आणि गावाने मिळून पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या भिंती उभारून दुकान बांधलं, २०१३ला उघडलं, आणि चालवायलाही मुलंच.

ताईंसाठी एक कामाची गोष्ट. या एकाच काउंटीत दोन वेळा चालतात, पूर्वेला सेंट्रल आणि पश्चिमेला माउंटन. व्हॅलेंटाइन सेंट्रलमध्ये येतं, म्हणजे आपण हिवाळ्यात साडेअकरा तास पुढे आणि उन्हाळ्यात साडेदहा. संध्याकाळी सात-आठला फोन केला तर तिकडे सकाळ असते, कामावर जायच्या आधी भाचा सापडेल.