मध्यम कंपनीतल्या आयटी सपोर्टमधून मोठ्या एंटरप्राइझमध्ये कसं जावं?

तुम्ही विचारलंय की चारशे-साडेचारशे लोकांच्या कंपनीत बरीच वर्षं सपोर्ट केल्यावर मोठ्या एंटरप्राइझमध्ये शिरायला कोणतं सर्टिफिकेशन करावं आणि पगार किती मागावा. शेवटी जाता जाता हेही लिहिलंत की तुमचे मॅनेजर म्हणतात, "सपोर्टवाला कायम सपोर्टवालाच राहतो." मी लिहायला बसलो ते या वाक्यामुळे. मलाही हेच ऐकवलं गेलंय, आणि ते साफ खोटं आहे.

सर्टिफिकेशनचं आधी उरकतो. विंडोजच्या बाजूला असाल तर मायक्रोसॉफ्टच्या एमडी-१०२ किंवा एझेड-१०४ या परीक्षा, नेटवर्कची ओढ असेल तर सिस्कोची सीसीएनए, लिनक्स असेल तर रेड हॅटची आरएचसीएसए. एमसीएसई या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या परीक्षेचे क्लास अजून कुणी विकत असेल तर घेऊ नका, ती परीक्षा २०२१ च्या जानेवारीतच बंद झाली. आयटीआयएल फाउंडेशन मात्र करा, म्हणजे आयटी सेवा कशी चालवायची याच्या पद्धतीची पहिली परीक्षा. मोठ्या ठिकाणी इन्सिडंट (आत्ता काहीतरी बंद पडलंय) वेगळा, प्रॉब्लेम (त्यामागचं मूळ कारण) वेगळा आणि चेंज (ठरवून केलेला बदल) वेगळा, आणि मुलाखतीत यांची सरमिसळ केलीत की समोरच्याला लगेच कळतं. यातल्या कशानेही नोकरी मिळत नाही, रेझ्युमे पहिल्या चाळणीत अडकत नाही इतकंच.

आता नोकरी कशाने मिळते ते सांगतो. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर आलं. एसएमबी म्हणजे विंडोजची नेटवर्कवर फाइली शेअर करायची पद्धत, तिच्या पहिल्या आवृत्तीतल्या (एसएमबी १) भगदाडातून ते पसरत होतं आणि त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. आमच्याकडे पॅच लागलेले होते, तरी एसएमबी १ कायमचं बंद करायचं ठरलं. माझे तेव्हाचे सीनियर म्हणाले, "ग्रुप पॉलिसी लाव आणि मोकळा हो." म्हणजे सगळ्या मशिनना एकदम लागू होणारी सेटिंग. मी म्हटलं, "सर, आधी कोण कोण वापरतंय ते तरी बघू." फाइल सर्व्हरवर एसएमबी १ चं ऑडिट चालू केलं आणि रोज सकाळी लॉग चाळायला लागलो. इव्हेंट ३००० मध्ये जोडणी करणाऱ्या मशिनचा पत्ता येतो. बहुतेक पत्ते ओळखीचे, जुन्या डेस्कटॉपचे. एक पत्ता मात्र आमच्या कुठल्याच यादीत नव्हता, आणि तो कामाच्या वेळेत दर थोड्या वेळाने येत होता.

तो निघाला अकाउंट्समधल्या मोठ्या मल्टिफंक्शन प्रिंटरचा. कागद ठेवून 'स्कॅन टू फोल्डर' दाबलं की तो थेट सर्व्हरवर फाइल टाकायचा, आणि त्याच्या फर्मवेअरला, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरला, एसएमबी १ पलीकडचं काही येतच नव्हतं. पुरवठादारांची सगळी बिलं याच वाटेने जात होती. पॉलिसी त्या दिवशी लावली असती तर ऐन महिनाअखेरीला अकाउंट्स ठप्प झालं असतं, आणि कारण शोधायला आम्ही प्रिंटरच्या केबली हलवत बसलो असतो.

मी एक पान लिहिलं. कोणत्या यंत्रांवर परिणाम होणार, आधी आयटीची मशिनं, मग एक विभाग, मग बाकीचे. प्रिंटरचं फर्मवेअर बदलेपर्यंत स्कॅन ईमेलने जाणार. काय दिसलं की थांबायचं, परत चालू करायची कमांड कोणती, आणि सुरू करायच्या आधी कुणाचा होकार घ्यायचा. सीनियरनी ते पान सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि म्हणाले, "हा कारकून झाला. एवढं लिहीपर्यंत माझं काम उरकलं असतं." मग बाजूला घेऊन हेही सांगितलं की जे डोक्यात आहे ते कागदावर उतरवलंस की तुझी गरज संपली. आमच्यात यावरून बरेच वाद झाले. मी लिहीत राहिलो.

पुढे एका मोठ्या कंपनीत मुलाखतीला गेलो. समोर तिघंजण. पहिला प्रश्न होता, "तुम्ही स्वतः थांबवलेला एखादा बदल सांगा." मी प्रिंटरची गोष्ट सांगितली. बराच वेळ तेच चाललं. चाळीस हजार मशिनं असती तर? मी म्हटलं, लॉग एका जागी गोळा करीन, सर्व्हिस डेस्कला आधी कळवीन, टप्पे वाढवीन आणि प्रत्येक टप्प्याला थांबायची अट आधी ठरवीन. मग त्यांच्यातल्या बाई, ज्या तोवर गप्प होत्या, त्यांनी विचारलं, "ते पान तुमच्याशिवाय कुणी वापरलं?" वापरलं होतं. रात्रपाळीच्या ज्युनियरने दुसरा टप्पा त्या पानावरून एकट्याने केला होता, मला एक फोनही न करता. त्यांनी ते लिहून घेतलं. ती नोकरी मला मिळाली.

तर मोठ्या ठिकाणी लिहिणं हेच काम असतं. रोलबॅक प्लॅन (बदल उलटवायची योजना) नसलेला चेंज कॅबच्या, म्हणजे बदलांना मंजुरी देणाऱ्या मंडळाच्या, बैठकीत उभाच राहत नाही. आणि सपोर्टला कमी लेखणाऱ्यांनी १९ जुलै २०२४ आठवावा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीचं सदोष अपडेट एकाच वेळी सगळीकडे गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं निळी पडली. अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतलं, पण पडलेल्या मशिनला त्याचा काय उपयोग? सेफ मोडमध्ये जाऊन, बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की टाकून फाइल काढायची होती, बहुतेक ठिकाणी एकेका मशिनवर. ते काम कुणी केलं? सपोर्टवाल्यांनीच केलं. आणि त्या कीज कुठे सापडतील हे जिथे आधी लिहून ठेवलेलं नव्हतं तिथे काय झालं असेल, याची कल्पना तुम्हाला माझ्याइतकीच असेल.

म्हणून रेझ्युमेत किती तिकिटं बंद केली ते लिहू नका. काय बदललंत, किती जणांसाठी, कुणाला आधी विचारलंत आणि उलटवायची सोय काय होती ते लिहा.

अभ्यास करायचा तर तुमच्या कंपनीत कधी दिसतच नाही त्याचा करा. एकाच साइटवर सगळे डोमेन कंट्रोलर (लॉग इन आणि ग्रुप सांभाळणारे सर्व्हर) असले की ग्रुपमध्ये नाव घातलं आणि झालं, असं वाटतं. दोन साइट्समधलं रेप्लिकेशन, म्हणजे एकीकडचे बदल दुसरीकडे उतरणं, मुळात १८० मिनिटांवर लावलेलं येतं. म्हणजे इकडे घातलेलं नाव तिकडे तीन तासांनी पोहोचू शकतं, आणि पोहोचल्यावरही माणसाने लॉग ऑफ करून परत लॉग इन केल्याशिवाय त्याच्या टोकनमध्ये (लॉग इन करताना मिळणाऱ्या ग्रुपच्या यादीत) येत नाही. ग्रुप पॉलिसी दर ९० मिनिटांनी ताजी होते, वर ३० मिनिटांपर्यंत उशीर. "वापरकर्त्याला ॲक्सेस दिला, तरी मिळत नाही" हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. रीस्टार्ट करायला सांगतो, असं उत्तर देऊ नका. विंडोजची कमांड आणि स्क्रिप्टची भाषा पॉवरशेल निदान वाचता आली पाहिजे.

आता हेही सांगायला हवं. ज्यांना सर्व्हरपासून प्रिंटरपर्यंत सगळं स्वतःच्या हाताने करायची सवय आहे, त्यांचा मोठ्या कंपनीत जीव गुदमरतो. डोमेन ॲडमिनचे, म्हणजे सगळ्या नेटवर्कवरचे, अधिकार मिळत नाहीत. एक ग्रुप बनवायला खाती सांभाळणाऱ्या आयडेंटिटी टीमकडे तिकीट टाकून दोन दिवस वाट बघावी लागते. वर्षाअखेरीला चेंज फ्रीझ (बदलांवर बंदी) लागला की हात बांधून बसायचं. थेट भरती जमत नसेल तर मॅनेज्ड सर्व्हिस देणाऱ्या (दुसऱ्यांचं आयटी सांभाळणाऱ्या) कंपनीतून किंवा कंत्राटावर आत जाण्यात कमीपणा नाही. आणि तुमच्या हाती आज एकही बदल सोपवला जात नसेल, तर माझी ही सगळी गोष्ट तुम्हाला लागू होणार नाही. आधी एखादा बदल मागून घ्या, प्रिंटरच्या फर्मवेअरचा का असेना.

पगाराचा आकडा आधी त्यांना सांगू द्या. तुमची ऑन-कॉल पाळी किती आठवड्यांनी येते, रात्री उठवलं तर भरपाई काय आणि पी१ च्या, म्हणजे सगळ्यात गंभीर बिघाडाच्या, ब्रिजवर (सामायिक कॉलवर) कुणी कुणी बसायचं, हे लेखी विचारून घ्या.