वडिलांचं काम पुढे चालवता आलं नाही तर?

‘आबा गेले, तरी लोक फायली घेऊन येतातच. मी पुण्याला नोकरीला. हे बंद केलं तर आबांचा अपमान होईल का?’ माजी सैनिकांच्या मुलांना हा प्रश्न हमखास पडतो. ही हकिकत सातारा जिल्ह्यातल्या एका घरची. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि पंचक्रोशीतल्या माजी सैनिकांची, त्यांच्या विधवांची पेन्शनची कामं करू लागले. अशी माणसं असतात म्हणून कितीतरी म्हाताऱ्या बायकांची चूल पेटती राहते. ते गेल्यावर मुलगा दर शनिवारी गावी येऊन फायली उघडून बसे. त्यातलं काही कळत नसे, आणि कुणाला नाही म्हणायचं धाडस होत नसे. झोप उडाली होती. वडिलांसाठी रडायलाही त्याला उसंत मिळाली नव्हती.

आम्ही त्याला एवढंच विचारलं, ‘आबांना काय जास्त लागलं असतं? तू हे काम सोडणं, की तुझ्या हातून एखादीची पेन्शन अडकणं?’ तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘पेन्शन अडकणं.’ तिथून काम सोडून देण्याऐवजी नीट सोपवण्याचं बोलणं सुरू झालं.

आधी आईचं. पतीच्या निधनाची नोंद ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर करून कौटुंबिक पेन्शन सुरू करायची होती. अडचण नेहमीचीच निघाली: लष्करी नोंदीत आईचं नाव एक, आधारवर दुसरं. ही दुरुस्ती बँकेत होत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, कागद पाठवावे लागतात. मृत्यूनंतरच्या काळाची आबांची पेन्शन खात्यात जमा झाली असेल, तर तिला हात लावू नये. तिची वसुली होते आणि घरच्यांना उगाच मनस्ताप होतो.

मग लोकांच्या फायली. मूळ डिस्चार्ज बुक (सैनिकाच्या सेवेची नोंदवही) आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) ज्याचे त्याला परत, वहीत सही घेऊन. अर्धवट अर्जांची यादी तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेकडे. हयातीचा दाखला कुणाचा कधी द्यायचा, ते आबांच्या डायरीत होतं. ती पानं सगळ्यात आधी उतरवून दिली, कारण दाखला चुकला की पेन्शन थांबते.

खरी मेख मोबाइलमध्ये होती. काही आजींच्या खात्यांना आबांचाच नंबर जोडलेला, म्हणजे ओटीपी त्यांच्याच फोनवर येणार. मुलगा ते सिम बंद करायला निघाला होता! प्रत्येकीचा स्वतःचा किंवा घरच्या माणसाचा नंबर जोडून होईपर्यंत रिचार्ज चालू ठेवायचं ठरलं. ओटीपी आला तरी तो संघटनेच्या माणसालाही फोनवर सांगायचा नाही, खातेदार समोर असतानाच वापरायचा.

दारात येणाऱ्यांना सांगायचं वाक्य आम्ही मोठ्याने म्हणून बसवलं: ‘काका, आबांचं काम आता संघटना बघते. हा नंबर घ्या, मी आत्ताच लावून देतो.’ पहिल्या काही वेळा त्याचा आवाज कापला. एकजण रागावूनही गेला. राग येणारच, त्यांचाही आधार गेलेला असतो.

आईला मात्र घरातला राबता तुटायला नको होता. तिने १४ जानेवारीला, माजी सैनिक दिनी, आबांच्या सोबत्यांना जेवायला बोलवायचं ठरवलं. स्वयंपाक तिचा, निरोप मुलाने द्यायचे.