टपरीवरची स्वस्त 'फॉरेन' सिगरेट : नकली की चोरटी?

तुमचा प्रश्न असा की नाक्यावरच्या टपरीत विदेशी सिगरेटचं पाकीट देशीपेक्षा स्वस्त कसं मिळतं, ते नकलीच असणार ना, आणि यामागे टोळ्या असतात हे खरं का. न्हावाशेवा बंदरात एका सीएचएकडे (आयातदारांची कस्टम्सची कागदपत्रं करणारा एजंट) बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

बहुतेकदा ती नकली नसते, चोरटी असते. नकली मालाला यंत्र, छपाई, तंबाखू, माणसं आणि हे सगळं लपवायला गोदाम लागतं. चोरट्या मालाला यातलं काहीच लागत नाही. रीतसर कारखान्यात बनलेली सिगरेट ड्युटी न भरता आत आणली की झालं. पैसा तंबाखूत नाहीच, करात आहे. चाळीस फुटी डब्यात (कंटेनरमध्ये) साधारण १ कोटी सिगरेटी मावतात. एकीमागे १० रुपये कर बुडाला असं नुसतं धरा, डब्याचे १० कोटी झाले! कागदावर फर्निचर नाहीतर टाइल्स. दार उघडलं तर पुढच्या दोन रांगा खरोखर त्याच मालाच्या, सिगरेटची खोकी त्यांच्या मागे.

टोळ्यांचं म्हणाल तर हो, असतात. कस्टम्स कायद्याच्या कलम १३५ खाली जास्तीत जास्त ७ वर्षं, तर अमली पदार्थांत माल व्यावसायिक प्रमाणात सापडला की किमान १०. हा हिशेब त्यांनाही येतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात पाकिटावर ५ सेंट कर होता आणि मिशिगनमध्ये ७५. शार्लटमधल्या एका टोळीने अस्सल सिगरेटी गाड्यांत भरून तिकडे नेल्या आणि नफ्यातला वाटा हिजबुल्ला या लेबनॉनमधल्या सशस्त्र संघटनेला पोचवला. २००२ मध्ये त्यांना दोषी ठरवलं गेलं. त्यात एकही सिगरेट नकली असायची गरज नव्हती.

सगळा दोष टोळ्यांवर टाकू नका, एवढं मात्र सांगतो. कॅनडात दोन बड्या सिगरेट कंपन्यांनीच २००८ मध्ये गुन्हा कबूल करून दंड आणि तडजोड मिळून १ अब्ज डॉलरहून जास्त मोजले. 'निर्यात' केलेला त्यांचाच माल चोरवाटेने परत येत होता. त्यामुळे 'कर वाढला की तस्करी वाढते' हे कंपन्यांकडून ऐकलं की मी जरा हात राखूनच मान डोलावतो.

ओळखायचं कसं? पाकिटावर ८५ टक्के भागात सचित्र इशारा आणि रुपयांत एमआरपी नसेल तर माल इथल्या बाजारासाठी नाही. पण तुम्ही पाकीट बघता कुठे? महाराष्ट्रात २०२० पासून सुटी सिगरेट विकायला बंदी आहे, तरी टपरीवाला एकेकच काढून देतो.

आणि पकडलं कोण जातं? आमच्याकडे एका प्रकरणात आयातदार म्हणून ज्याचं नाव होतं, तो छोटा दुकानदार निघाला. महिन्याला थोडे पैसे मिळतात म्हणून त्याने आपला आयईसी कोड (आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी नोंदणी क्रमांक) वापरायला दिला होता. डब्यात काय आहे हे त्याला नोटीस आल्यावर कळलं.