कोऱ्या कागदाचे दोन अर्थ

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही कॅलिफोर्नियातून टेक्सासला, डॅलसजवळ आलो. मोठीला तिकडे सातवीत शाळेनेच लैंगिक शिक्षण दिलं. आम्हाला काही करावं लागलं नाही. धाकटी इथे सातवीत आहे. वर्गातल्या इतर मुलींचे ते तास झाले, हिला मात्र लायब्ररीत बसवलं. पलीकडच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक विभागात) म्हणे वेगळंच शिकवतात. एकाच देशात असं कसं?
– एक आई, टेक्सास

उत्तर : बहुधा तुमची एक सही राहून गेली.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१६ पासून लागू असलेल्या कायद्याने हे शिक्षण मिडल स्कूलमध्ये एकदा आणि हायस्कूलमध्ये एकदा तरी द्यावंच लागतं. पालकांना आधी कळवतात. नको असेल तर तसं लेखी द्यायचं. काहीच दिलं नाही तर मूल वर्गात बसतं. टेक्सासने २०२१ साली नेमकी उलट अट घातली : पालकांची लेखी संमती आली तरच मूल वर्गात. म्हणजे तुम्ही गप्प राहिलात तर तिकडे होकार, इकडे नकार. संमतीचा कागद तास सुरू होण्याच्या किमान १४ दिवस आधी, वेगळा पाठवायचा असतो. तो दप्तराच्या तळाशी किंवा न उघडलेल्या ईमेलमध्ये राहतो आणि मुलीचे तास बुडतात. जे आईवडील दोन-दोन पाळ्या करतात, ज्यांना इंग्रजी पत्रं नीट वाचता येत नाहीत, त्यांच्याच मुलांचं यात सर्वाधिक नुकसान होतं. आम्हाला ही अट अन्यायाची वाटते.

डिस्ट्रिक्टगणिक फरक पडतो, कारण अमेरिकेत अभ्यासक्रम केंद्र सरकार ठरवत नाही. राज्य चौकट आखून देतं आणि कोणतं साहित्य वापरायचं ते डिस्ट्रिक्टचं निवडून आलेलं मंडळ ठरवतं. टेक्सासमध्ये त्याला शालेय आरोग्य सल्लागार समिती शिफारस करते. या समितीत बहुसंख्य सदस्य पालकच असावे लागतात, आणि वर्षातून किमान ४ बैठका घ्याव्या लागतात. बैठकीला जा, साहित्य पाहायला मागा. तो तुमचा हक्क आहे. शाळेच्या ऑफिसला आजच ईमेल करून संमतीपत्र मागा आणि राहिलेले धडे पुढे कधी होणार ते विचारा. हायस्कूलवर विसंबू नका : २००९ पासून तिथे पदवीसाठी आरोग्य हा विषय राज्याने सक्तीचा ठेवलेला नाही.

तास मिळाले तरी घरी बोलावं लागेलच. टेक्सासच्या कायद्यानुसार संयमावर, म्हणजे लग्नाआधी लैंगिक संबंध न ठेवण्यावर, सर्वाधिक भर द्यायचा असतो आणि गर्भनिरोधकांचे आकडे प्रत्यक्ष वापरातले सांगायचे असतात. कंडोमचा तो आकडा असा : वर्षभरात १०० पैकी सुमारे १३ जणींना गर्भ राहतो. हे ऐकून मुलं ‘कंडोमचा उपयोगच नाही’ असं समजून घरी येतात. दरवेळी आणि नीट वापरला तर हाच आकडा २ वर येतो, हे तिला सांगा. चुका ठरलेल्या असतात : उशिरा चढवणं, खोबरेल किंवा व्हॅसलीन लावणं (त्याने लॅटेक्स फाटतं), मुदत उलटलेलं पाकीट, किंवा ‘आज राहू दे’. गोळ्यांनी गर्भ टळतो, संसर्ग टळत नाही, हेही सांगा.

एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची) लस ११-१२ व्या वर्षी देतात. तिची झाली नसेल तर आता घ्या. १५ वर्षांच्या आत सुरू केली तर ६ ते १२ महिन्यांच्या अंतराने २ डोस पुरतात. त्यानंतर ३ लागतात.