वाचकांचे प्रश्न : कोर्लई आडवा नव्हे, उभा पाहावा

प्रश्न : आम्ही डोंबिवलीचे चौघे दर हिवाळ्यात सह्याद्रीतला एखादा किल्ला करतो. यंदा समुद्राकाठची डोंगरधार चालावी असे ठरले आणि अलिबागच्या दक्षिणेकडील कोर्लई किल्ल्याचे नाव पुढे आले. मात्र तेथे जाऊन आलेले मित्र म्हणतात की, अर्ध्या तासात सगळे पाहून होते. त्यासाठी पूर्ण दिवस द्यावा का? शिवाय गडाखालच्या गावात आजही पोर्तुगीज बोलतात, हे खरे आहे का?

उत्तर : आपले मित्र कोर्लई आडवा पाहून आले असावेत. दीपगृहापर्यंत गाडी जाते, त्यामागच्या पायऱ्या चढल्या की पंधरा-वीस मिनिटांत माणूस तटाच्या आत येतो, समोर खाडी दिसते, छायाचित्रे निघतात आणि मंडळी उतरू लागतात. या किल्ल्याची लांबी सुमारे 850 मीटर असून सरासरी रुंदी 30 मीटरही भरत नाही. तेव्हा तो आडवा ओलांडायला अर्धा तासही जास्तच झाला. कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे दक्षिण तीरावरून काळ्या बसाल्टची एक सोंड उत्तरेकडे पाण्यात घुसली आहे. तिची उंची जेमतेम 100 मीटर असेल. पण ती टोकापासून टोकापर्यंत चालल्याशिवाय किल्ला तेथे का बांधला आणि असा का बांधला, हे कळत नाही.

उत्तर टोकाकडे गेले की खाडीपलीकडे रेवदंडा दिसतो. निजामशाहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी तेथे 1521 मध्ये कोट उभारायला घेतला. पुढे 1570-71 मध्ये निजामशाही फौजेने त्याला दीर्घ वेढा दिला, पण तो पडला नाही. मग दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाने वेगळा डाव टाकला. समोरच्या या सोंडेवर तोफा चढवल्या की रेवदंड्याची जहाजे आत-बाहेर करू शकणार नाहीत, असा हिशेब करून त्याने 1594 मध्ये येथे किल्ल्याचे काम सुरू केले. पोर्तुगिजांनाही तो हिशेब समजत होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी हल्ला करून ही जागा घेतली. आज दिसणारे बांधकाम मुख्यतः त्यांचे आहे. पुढे वसई पडल्यानंतर, 1740 च्या तहाने, चौल, म्हणजे रेवदंड्याचा कोट, आणि कोर्लई मराठ्यांकडे आले.

आता धारेवरून चालताना आडव्या भिंतींकडे लक्ष द्यावे. दोन आडव्या तटांनी किल्ल्याचे तीन भाग पाडले आहेत. इतक्या अरुंद जागी शत्रूला बगल देता येत नाही आणि मागे सरायलाही वाव नसतो. म्हणून एक भाग हातचा गेला तरी दरवाजा लावून पुढच्या भागातून लढता यावे, अशी ही रचना आहे. मधल्या भागात छप्पर उडालेले प्रार्थनामंदिर आणि पावसाचे पाणी साठवणारे टाके आहे. या निरुंद खडकावर पाण्याचा दुसरा आधार नसल्यामुळे मला तर ते टाके तोफांपेक्षा महत्त्वाचे वाटते.

चालताना डावीकडे उघडा समुद्र आणि उजवीकडे शांत खाडी, तिवरांची झुडपे आणि कोळ्यांच्या होड्या, असे दोन वेगळे किनारे एकाच वेळी दिसतात. वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि त्यावर ब्राह्मणी घारी पंख न हलवता तरंगत असतात. तटाशी उभे राहिल्यास त्यांची तांबूस पाठ चक्क वरून दिसते, जी एरवी आपल्या वाट्याला येत नाही. दिवाळीनंतर गवत वाळते आणि कुसळे मोज्यांत अशी रुततात की संध्याकाळी ती एकेक करून उपटावी लागतात. तेव्हा पूर्ण लांबीची विजार घालावी.

भाषेविषयी ऐकलेले बरेचसे खरे आहे. गावातील ख्रिस्ती कुटुंबे घरात जी बोली बोलतात, तिला ती ‘नॉ लिंग’, म्हणजे आपली भाषा, असे म्हणतात. बोलणारे हजाराच्या आसपास आहेत. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज असले तरी लिस्बनच्या माणसाला ती सहजासहजी समजणार नाही, कारण शेजारच्या मराठीने तिची ठेवण बदलली आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्त्याच्या मागोमाग येते. येथे ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाऊन बसते. सत्ता गेल्यावर पावणेतीनशेहून अधिक वर्षे ही बोली टिकली, कारण गडावरचे अधिकारी गेले तरी गरीब ख्रिस्ती वस्ती मागे राहिली आणि धर्मामुळे आसपासच्या गावांशी तिचे सोयरसंबंध जुळले नाहीत. मात्र ती ऐकायची म्हणून कोणाच्या दारात भ्रमणध्वनी पुढे करून उभे राहू नये.

दिवसाचा क्रम असा ठेवावा. अलिबागहून मुरूडकडे जाणारी सकाळची एसटी धरून कोर्लईला उतरावे आणि ऊन चढण्याआधी धार उरकावी, कारण वर सावली नाही. दुपारी गावातून फिरून साळावच्या पुलावरून रेवदंड्यात यावे. तेथील सातखणी मनोऱ्याचे आता चारच मजले उभे आहेत. संध्याकाळी रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून मागे पाहिले की सकाळची सगळी वाट एका रेषेत दिसते.

प्रश्न : हीच वाट पावसाळ्यात करता येईल का? बरोबर सत्तरीच्या सासूबाई असतील.

उत्तर : आपण जाऊ शकता, सासूबाईंना मात्र वर नेऊ नये. शेवाळलेल्या पायऱ्या उतरताना त्रास देतात आणि अरुंद जागी वाऱ्याचा झोत तरुणालाही ढकलतो. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी लाँचही त्या काळात बंद असतात. नोव्हेंबरात गेल्यास त्यांना दीपगृहापर्यंत गाडीने नेता येईल. तेथून समुद्र पुरेसा दिसतो.