२२७ प्रभाग, चार प्रकार: एकसारखे प्रभाग एकत्र आलेत का, हे कशात तपासू?

मोरान्स आय, म्हणजे शेजारच्या जागांचे आकडे एकमेकांसारखे आहेत का हे मोजणारा निर्देशांक, इथे चालणार नाही. तुम्ही मुंबईच्या २२७ प्रभागांना मुख्य वस्तीनुसार चाळ १, झोपडपट्टी २, सोसायटी ३, कोळीवाडा-गावठाण ४ असे आकडे दिलेत आणि एकसारखे प्रभाग लागून आहेत का ते फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासायचंय. पण कोळीवाडा काही झोपडपट्टीच्या दुप्पट नसतो. उद्या चाळीला ३ दिलंत की उत्तर बदलेल, आणि व्हायव्हात नेमकं तिथेच धरतील.

तुम्हाला हवंय जॉइन काउंट. तेही संख्याशास्त्रज्ञ मोरान यांच्याच १९४८च्या लेखात आहे. लागून असलेल्या प्रभागांच्या जोड्यांपैकी किती चाळ-चाळ, किती चाळ-झोपडपट्टी हे मोजायचं आणि प्रकार नकाशावर कसेही विखुरले असते तर किती निघाल्या असत्या, त्याच्याशी ताडून पाहायचं.

मी यासाठी आर ही संख्याशास्त्राची फुकट प्रोग्रॅमिंग भाषा आणि त्यातलं एसपीडेप पॅकेज वापरतो. त्यातलं जॉइनकाउंट.मल्टी सगळ्या जोड्यांचा तक्ता देतं: मोजलेली संख्या, अपेक्षित संख्या, व्हेरियन्स आणि झेड, म्हणजे मोजलेली संख्या अपेक्षेपासून किती दूर आहे ते. वेट्स, म्हणजे कोण कोणाचा शेजारी याचा तक्ता, बनवताना स्टाइल 'बी' द्या. आपोआप येते ती 'डब्ल्यू', आणि मग जोड्या अपूर्णांकात दिसतात. चार प्रकारांच्या दहा जोड्या होतात, म्हणजे दहा चाचण्या. एखादी नुसत्या योगायोगानेही 'सिग्निफिकंट' निघेल. कोळीवाड्याचे प्रभाग मोजकेच असणार, तिथे झेडवर विसंबू नका. जॉइनकाउंट.एमसीला ९९९ हा आकडा दिलात की ते तितक्या वेळा प्रकारांची अदलाबदल करून एकसारख्या जोड्यांची (चाळ-चाळ वगैरे) पी-व्हॅल्यू काढतं, ती घ्या.

खरा वेळ जातो तो शेजारी ठरवण्यात. नकाशा आधी यूटीएम ४३ नॉर्थ या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात आणा. शेपफाइलमधल्या (नकाशाच्या फाइलमधल्या) सीमा जुळत नसतील तर समोरासमोरचे प्रभागही शेजारी धरले जात नाहीत. शेजारी शोधणाऱ्या पॉली-टू-एनबीमधला स्नॅप, म्हणजे सीमांमधली किती फट चालवून घ्यायची ते अंतर, थोडा वाढवून पाहा. उलटही होतं. बोरिवली आणि मुलुंड नकाशावर जवळजवळ, पण मध्ये अख्खं राष्ट्रीय उद्यान. तिकडची जोडी ठेवायची की तोडायची हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगणार नाही. मी तोडली असती. शेजाऱ्यांची यादी नकाशावर रेषा ओढून एकदा डोळ्यांनी बघाच.

कोडिंग नको असेल तर जिओडा फुकट आहे. त्यात लोकल जॉइन काउंट मिळतं, म्हणजे गठ्ठा नेमका कुठे आहे ते. पण त्याला ०-१ लागतो, म्हणून प्रत्येक प्रकाराचा वेगळा रकाना करा. पायथॉनवाल्यांसाठी पायसाल या लायब्ररीच्या ईएसडीए भागातही जॉइन काउंट आहे, तेही ०-१वरच.

एक मात्र खटकतं. टॉवर आणि झोपडपट्टी एकाच प्रभागात भिंतीला भिंत लावून असतात. 'मुख्य वस्ती' म्हटलं की ते सगळं पुसलं जातं. इमारतींचे बिंदू मिळाले तर तेच घ्या आणि आरच्याच एसपीक्यूडेप पॅकेजमधली क्यू चाचणी लावा. ती प्रत्येक बिंदूभोवतीचा छोटा घोळका बघते. तीन-तीनचा घोळका घेतला तर चार प्रकारांचे ६४ क्रम होतात आणि प्रत्येकामागे निदान पाच घोळके हवेत, म्हणजे ३२०. २२७ प्रभागांत ते बसत नाही, हजारभर इमारतींत आरामात बसतं.