क्रायकॉइडचा काँड्रोसार्कोमा: घाई कुठे करायची, कुठे नाही

ताई, तुमच्या बाबांच्या स्वरयंत्रात क्रायकॉइड नावाच्या कूर्चेचा 'लो ग्रेड काँड्रोसार्कोमा', म्हणजे कूर्चेचा कमी आक्रमक कॅन्सर, निघालाय, डॉक्टर पूर्ण स्वरयंत्र काढायचं म्हणतायत, आणि तोवर किमो सुरू करावी का असं तुम्ही विचारलंय. किमो नको. या नेहमीच्या प्रकारावर ती जवळजवळ चालतच नाही. रेडिएशनलाही ही गाठ सहसा दाद देत नाही. खरा इलाज ऑपरेशनच.

माझ्या सासऱ्यांना हाच आजार होता. आवाज घोगरा झाला, जिना चढताना धाप लागायची, दमा समजून पंप चालू होता. गाठ स्वरयंत्राच्या अस्तराखाली वाढते, त्यामुळे दुर्बिणीतून नुसता गुळगुळीत फुगवटा दिसतो. खरं चित्र सीटीवर कळलं: कूर्चा फुगलेली आणि तिच्यात ज्वारीच्या लाह्यांसारखे पांढरे ठिपके.

बायोप्सीबद्दल एक सांगते. गाठ टणक असते, चिमटा घसरतो, तुकडा इवलासा मिळतो. तेवढ्यावरून साधी गाठ आणि लो ग्रेड कॅन्सर यांत फरक करणं पॅथॉलॉजिस्टलाही अवघड जातं. गाठीच्या दुसऱ्या भागात ग्रेड, म्हणजे कॅन्सरचा आक्रमकपणा, जास्तही असू शकतो. म्हणून बायोप्सीच्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) दोन्ही मागून घ्या आणि हाडांच्या ट्यूमरचा सराव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून परत तपासून घ्या. मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये हे होतं. सीटीची सीडीही न्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही.

लो ग्रेड गाठ फार सावकाश वाढते आणि मानेतल्या लसीका गाठींत (लिम्फ नोड) क्वचितच पसरते. सेकंड ओपिनियनसाठी थोडे दिवस गेले तर बिघडत नाही, ते जरूर घ्या. सर्जनना थेट विचारा: क्रायकॉइडचा किती भाग धरलाय? श्वासमार्गाभोवती पूर्ण कडं असलेली ही एकच कूर्चा. साधारण अर्ध्याहून कमी भाग गेला असेल तर तेवढाच काढून स्वरयंत्र वाचवता येतं का, हा प्रश्न विचारायलाच हवा. अशा ऑपरेशननंतर गाठ परत येऊ शकते, पण तेव्हा पुन्हा ऑपरेशनचा मार्ग उरतो. एकदा काढलेलं स्वरयंत्र मात्र परत मिळत नाही. मानेतल्या लसीका गाठीही काढणार असतील तर का, तेही विचारा. ग्रेड जास्त निघाला तर मात्र हे सगळं गणित बदलतं.

 

घाई एकाच बाबतीत. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला किंवा झोपल्यावर गुदमरायला लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच रात्री ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्यात भोक पाडून नळी घालणं) होऊ शकेल अशा हॉस्पिटलात न्या. सीटीची सीडी आत्ताच पिशवीत भरून ठेवा.